गोल नाक बसवलं की डिझेल वाचतं काय?

गूळवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. शाहू मार्केट यार्डात आमचा गुळाचा धंदा. सौदे झाले की गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरून आमची सतरा फुटी गाडी सुरत-अहमदाबादला जाते. ताडपत्रीचा जुना हौदा काढून आता बंद कंटेनर बांधून घेतोय. बॉडीवाल्यानं परवा एक चित्र पुढं ठेवलं. केबिनच्या पुढं फायबरचं गोल नाक, डब्याच्या अंगावर लाटेसारख्या वळ्या, हेडलाइटच्या मागं माशाच्या कल्ल्यासारखं काहीतरी. म्हणाला, "मालक, एरोडायनॅमिक हाय, लिटरमागं दीड किलोमीटर वाढतंय." त्याचे वरचे पासष्ट हजार.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं मोबाइलवर लुइगी कोलानी या जर्मन डिझायनरचे ट्रक दाखवले. समोर काचेचा घुमट, सगळं अंग गुळगुळीत. खरं सांगतो, जीव भाळला.

पण सध्या ॲव्हरेज सहा-सव्वासहा. त्यात दीड म्हणजे लई झालं. गोल दिसतं ते वाऱ्याला खरंच कमी अडतं का? गाडी साठ-पासष्टनं पळते. गोड बोलू नका, गूळ आमच्याकडं भरपूर आहे.

उद्यमनगरचा_पॅटर्नवाला

दादा, पस्तीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले, आकारावरच पोट भरलं. म्हणून बोलतो.

नारळाची अर्धी करवंटी घ्या, फुगीर बाजू वाऱ्याकडं. तिचा रोधाचा आकडा, ज्याला सीडी म्हणतात, साधारण 0.4. आता तिलाच मागं लांब निमुळती शेपटी जोडा, पाण्याच्या थेंबासारखी. आकडा 0.04 च्या आसपास येतो. दहापट फरक, आणि पुढचं तोंड होतं तेच! पुढच्या कडा गोल असल्या की वारा पुढं सहज फाटतो, त्याचं फार काही नाही. मागं तो नीट मिटला नाही की तिथं पोकळी होते आणि ती गाडीला मागं ओढते.

पटत नसेल तर सुरतहून आलेल्या गाडीचं मागचं दार बघा. केबिनची काच एकवेळ बरी असेल, दारावर मात्र बोटानं नाव लिहिता येईल इतका धुरळा. मागं वारा भोवरे घालत परत फिरतो, तोच तो आणून चिकटवतो.

मी एकदा माझ्या जुन्या व्हॅनला लोकरीचे वीतभर दोरे चिकटपट्टीनं लावले होते, अंगभर. पोरगा मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून बघत होता, मी शिरोलीहून किणीपर्यंत सत्तरनं. बाजूच्या पत्र्यावरचे दोरे आडवे, शिस्तीत. मागच्या काचेवरचे नुसते नाचत होते, दोन-तीन तर चक्क पुढच्या दिशेला तोंड करून. बायको म्हणाली, लग्नाची गाडी हाय का काय.

गोलाईचा मान ठेवायचा तर दोन गाड्या शेजारी ठेवा. फोक्सवॅगनची बीटल, सगळीकडून गोल, तिचा आकडा 0.48. त्याच कंपनीची पहिली डबा-व्हॅन, पावाच्या लादीसारखी, तिचा 0.44! बीटलची पाठ इतकी झपकन उतरते की वारा ती सोडून देतो. व्हॅनचा पहिला नमुना मात्र 0.75 ला होता. 1949 साली ब्राउनश्वाइगला वाऱ्याच्या बोगद्यात तपासून पुढच्या कडा गोलावल्या, तेव्हा तो उतरला. म्हणजे डब्याच्या पुढच्या उभ्या कडा आणि वरची कड वीतभर गोल करून घ्या, त्याला पैसे द्या. मागच्या कडा मात्र धारदार असूद्यात. काम नावाच्या जर्मन प्राध्यापकानं 1930 च्या दशकात हेच दाखवलं: लांब शेपटी परवडत नसेल तर थोडं निमुळतं करून सरळ कापून टाका. मागची कड गोल केली तर वाऱ्याला नेमकं कुठं सुटायचं तेच कळत नाही.

आता दीड किलोमीटरचा हिशेब. तुमच्या गाडीचं तोंड साधारण साडेसहा चौरस मीटर, सीडी 0.7 धरला, तर हवा कापायला चाळीसला 5 अश्वशक्ती, साठला 17, ऐंशीला 41 लागतात. वेगाच्या घनात वाढतं ते. साठला हवा आणि चाकं साधारण निम्मं-निम्मं डिझेल खातात. सव्वासहाचे पावणेआठ व्हायचे तर डिझेल पाचव्या भागानं कमी लागायला पाहिजे. म्हणजे एकट्या हवेचा रोध चाळीस टक्के उतरवायला लागेल. नाकानं आणि कल्ल्यांनी? काय सांगताय.

किणी_ते_वापी

ड्रायव्हर आहे, तीच लाइन. मालक, केबिन पुढं कलंडवायची वेळ आली की ते नाक कोण काढणार, रात्री दोन वाजता, वापीच्या अलीकडं? रेडिएटरला वारा कुठनं मिळणार? आणि पासिंगला गाडी उभी राहिली की लांबी मोजतात, ते वेगळंच. खंबाटकीला नाक असून काही उपयोग नाही, तिथं वजन ओढायचं असतं. टायरात हवा बरोबर ठेवा आणि ड्रायव्हरला घाई लावू नका. घाई मालकच लावतात, हे लिहिलेलं राग मानू नका.

रंकाळ्यावरचा_डिझायनर

काका, गोलाईला एवढं झोडपू नका. कोलानीनं कॅननच्या 1986 च्या टी90 कॅमेऱ्याचा आकार केला, त्याची पकड हातात घेऊन बघा. तिथं वक्र रेषा बोटांसाठी होती, वाऱ्याचा काही संबंधच नव्हता. गाडी देखणी हवी असेल तर तसं म्हणून पैसे घालावेत. आपल्याकडं ट्रकला गोंडे बांधतात, ते काय डिझेल वाचवतात म्हणून बांधतात? राग आहे तो "एरोडायनॅमिक" हा शब्द चिकटवून पासष्ट हजार मागण्याचा.

उद्यमनगरचा_पॅटर्नवाला

हे मात्र शंभर टक्के. गूळवाले, एक विचारायचं राहिलं. डबा केबिनच्या वर किती उभा आहे, आणि केबिन-डब्यात फट किती? वर निघालेल्या तोंडावर वारा सरळ आदळतो, तिथं टपावर उतरती ढाल लागेल.

गूळवाला_कोल्हापूर

आज टेप घेऊन गेलो. डबा केबिनच्या वर दोन फूट आठ इंच. फट अठरा इंच. बॉडीवाल्याला म्हटलं, नाक नको, वळ्या नकोत. केबिनच्या टपावर उतरती ढाल, पुढच्या कडा गोल. त्याचं तोंड जरा उतरलं, पण चहा पाजला. आणि हो, दार बघितलं. धुरळ्यात कुणीतरी आधीच "नाद खुळा" लिहून ठेवलंय.

उद्यमनगरचा_पॅटर्नवाला

ढालीचा वरचा काठ डब्याच्या टपाच्या रेषेत येईल असा धरा, उंचीला कंजुषी नको. आणि फटीला दोन्ही बाजूंनी रबराच्या पट्ट्या लावा, पत्रा नको, वळणावर केबिनला घासेल. रविवारी मी यार्डात येतोय, पुठ्ठ्याचा साचा करून देतो. एक रवा काढून ठेवा, काळपट असला तरी चालेल.