अंबाडी-मोहाची आंबट बिअर: मुद्दाम आंबवलेली की नासलेली?

शिरपूरकर:
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. त्याने तिथल्या एका लहान ब्रूअरीची 'गोझे' नावाची आंबट एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, आणली होती. लाल अंबाडीची बोंडं, धणे, मीठ आणि मोहाची सुकवलेली फुलं घातलेली. दोन कॅन गावी घेऊन आलो, पहिला परवा गच्चीवर उघडला.

रंग डाळिंबाच्या दाण्याचा. गुलाबी फेस, तो मिनिटभरात बसला. वास आधी ताकाच्या निवळीचा, मग धण्याचा. पहिल्या घोटाला कैरी चावल्यासारखी जिभेची कड आकसली. दुसऱ्या घोटाला अंबाडी ओळखू आली. आई ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची भाजी करायची, वरून लसणाची फोडणी. ती शिळी झाल्यावर जशी मुरते, तसा आंबटपणा. मीठ घोट उतरल्यावर कळलं.

मोह मात्र सापडेना. माझं लहानपण धडगावात गेलं. चैत्रात पहाटे टोपल्या घेऊन बायका मोहाखाली जायच्या, आम्ही पोरंही फुलं वेचायला मागे. तो गोड, जड, जरा उग्र वास मी झोपेतही ओळखेन. ग्लास संपत आला, बिअर कोमट झाली, तेव्हा कुठे पुसटसा आला. डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

मेहुणे म्हणतात, "नासलीये, ओतून द्या." मला तसं वाटत नाही. पण नासलेली आंबट बिअर ओळखायची कशी? आणि मोह इतका उशिरा का आला?

तापीकाठ:
भाऊ, अजिबात ओतू नका. मी तीन वर्षं जर्मनीत लाइपझिगला नोकरीला होतो. गोझे मूळची गोस्लार गावची, पण नाव झालं ते लाइपझिगमध्ये. मीठ आणि धणे तिच्यात पूर्वीपासूनच असतात. अंबाडी आणि मोह ही आपल्याकडची भर. बर्लिनच्या 'वाइसे' या आंबट बिअरमध्ये तर रासबेरीचं किंवा वाल्डमाइस्टर या रानवनस्पतीचं सरबत घालून देतात.

आंबटपणा लॅक्टोबॅसिलसचा, म्हणजे दही लावणाऱ्या जिवाणूंच्या जातभाईंचा. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, त्यांना वाढू देत नाहीत, म्हणून अशा बिअरमध्ये हॉप्स अगदी बेताचे आणि कडवटपणा जवळपास नसतोच. दही, ताक, लिंबू यांचा वास आला तर निश्चिंत प्या. नाकात चढणारा शिरक्याचा झणका, खवट लोणी किंवा ओकारीसारखा वास आला तर ती बिघडली. फुगलेला कॅन तर उघडूच नका.

आणि फ्रीजमधून काढल्याबरोबर प्यायलात ना? फार थंड असली की वास दबतो. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, रुंद तोंडाचा ग्लास घ्या.

सातपुडा_पायथा:
दादा, तुम्हनं मोहनं वर्णन वाचीसन मन भरी उनं.

थंडीचं कारण बरोबर आहे, पण अर्धंच. तुम्ही ताज्या फुलाचा वास शोधत होतात. मोह वाळला की त्याचा वास मनुक्याकडे जातो. आमच्या घरी वाळलेली फुलं डब्यात असतात. झाकण उघडलं की आधी मनुका, मग मागून तो उग्रपणा. पुढचा कॅन पिताना मनुका शोधा.

रंगाचंही सांगतो. अंबाडीच्या बोंडाचा लाल रंग आंबटात खुलतो. सरबतात लिंबू पिळा, लगेच उजळतं. चिमूटभर सोडा टाकला तर निळसर काळपट होतं. त्यामुळे आंबट बिअरला ही बोंडं शोभतात.

शिरपूरकर:
काल दुसरा कॅन उघडला. पंधरा मिनिटं बाहेर ठेवला, स्टीलच्या पेल्याऐवजी काचेचा रुंद ग्लास घेतला. शिरक्याचा वास नाही. आणि मनुका होता! दुसऱ्याच घोटाला, धण्याच्या मागे. परवा तो माझ्या नाकाखाली असूनही मी पहाटेची ताजी फुलंच शोधत राहिलो.

जेवायला शेवभाजी होती. तर्रीच्या तिखटावर आंबट घोट घेतला की तोंड स्वच्छ व्हायचं, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागायचा. मेहुण्यांनी अर्धा ग्लास घेतला आणि भाच्याला फोन लावून विचारलं, पुढच्या खेपेला चार आणशील का.