मुलीकडे रेडिंगला चाललोय, दिवसभर घरात बसायचं नाहीये

सहकारनगरकर:
नमस्कार मंडळी. मी आणि सौ. मे-जूनमध्ये इंग्लंडला मुलीकडे जातोय, रेडिंगला. मी ६४, ती ६१. व्हिसा झालाय, मुंबईहून थेट विमान आहे, ते सगळं जावईबापूंनी बघितलं. प्रश्न पुढचा आहे. मुलगी-जावई दोघं नोकरीला जाणार, म्हणजे सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघं आणि चार भिंती. ज्याला विचारावं तो म्हणतो, "तिकडे पोरांशिवाय पाऊल टाकता येत नाही, शनिवारची वाट बघायची." मी एमएसईबीत जन्मभर गावोगाव फिरलोय, मला हे जमायचं नाही. आपलं आपण फिरायचं तर काय माहीत हवं? इंग्रजांशी वागायची काही पथ्यं? पोरीला विचारलं तर "बाबा, या तर खरं" एवढंच म्हणते. आणि एका नातेवाइकांनी जुने पौंड दिलेत, वीस-वीसच्या कागदी नोटा. चालतील ना?

आगाऊ_नारायणपेठ:
नाही चालणार. २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा सप्टेंबर २०२२ अखेर चलनातून गेल्या, आता प्लास्टिकच्या आहेत. लंडनमध्ये थ्रेडनीडल स्ट्रीटवर बँक ऑफ इंग्लंड बदलून देते, ओळखपत्र घेऊन जा. नातेवाइकांनी 'दिलेत' की 'खपवलेत', तेवढं बघा.

कर्वेनगरची_काकू:
पोरांशिवाय पाऊल टाकता येत नाही असं सांगणारे लोक पोरांच्या गाडीत मागे बसून विंडसर बघून आलेले असतात. माझा मुलगा रेडिंगलाच आहे. आमचे हे घरात क्रिकेट बघत बसायचे आणि मी एकटी हिंडायचे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सीनियर रेलकार्ड काढा. वय ६० पूर्ण हवं एवढंच, तिथलं रहिवासी असायची अट नाही. स्टेशनच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवला की काम होतं. रेल्वेच्या तिकिटात एक तृतीयांश सूट. सकाळी ऑफिसच्या गर्दीत लंडनच्या पट्ट्यात ते चालत नाही, पण तुम्हाला आता कुठे मस्टर गाठायचंय? नाश्ता करून निघा.

रेडिंगहून पॅडिंग्टनला दोन तऱ्हेच्या गाड्या आहेत. एक जलद, अर्ध्या तासाच्या आत पोचवते. दुसरी एलिझाबेथ लाइन, ती थांबत थांबत तासभर घेते. डेक्कन क्वीन आणि लोणावळा लोकल म्हणा ना. लोकलला बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून जाता येतं, पण त्यात रेलकार्डाची सूट नाही. लंडनच्या प्रवासाचं जे ऑयस्टर कार्ड असतं, ते मात्र रेडिंगपर्यंत येतच नाही, वेस्ट ड्रेटनलाच त्याची हद्द संपते. दोघांना दोन कार्डं लागतात, एकावर दोघं जात नाहीत. आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. लंडनच्या बसमध्ये फक्त चढताना. तिथे रोख पैसे घेतच नाहीत, कंडक्टरही नसतो, सुट्ट्यांवरून भांडायची सोय नाही.

पॅडिंग्टनला उतरलात की लगेच भुयारी रेल्वेत शिरू नका. स्टेशनामागून कालव्याच्या काठाकाठाने लिटल व्हेनिसपर्यंत चालत जा, रंगीत होड्या बांधलेल्या असतात. तिथून जवळच हाउली प्लेस, घर नंबर १०. लोकमान्य टिळक चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी गेले तेव्हा १९१८-१९ मध्ये या घरात राहिले होते. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. बाहेरूनच बघा, बेल वाजवू नका. खटला आपण हरलो, पण पाटी त्यांनी लावली! बाबासाहेबांचं घर किंग हेन्रीज रोडवर, तेही १० नंबरच. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. चॉक फार्म स्टेशनला उतरायचं.

संग्रहालयांत पैसे घालवायची भीती नको. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, नॅशनल गॅलरी, सगळीकडे कायमच्या दालनांना प्रवेश फुकट.

रेडिंगमध्येच फोर्बरी गार्डन्समध्ये एक अवाढव्य सिंह आहे. १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत तिथल्या पलटणीचे लोक पडले, त्यांचं स्मारक. त्याच लढाईत आपल्या मुंबई लष्कराचे शिपाईही पडले होते, ते मला घरी येऊन वाचल्यावर कळलं.

आता घरातलं, कारण पोरी हे सांगायला लाजतात. तिथल्या बाथरूमला मोरीसारखा उतार नसतो, बहुतेक घरांत टबाबाहेर जाळीही नसते. बादली-तांब्या घेऊन जमिनीवर बसलात तर पाणी खालच्या खोलीच्या छतातून टपकतं. टबात उभं राहायचं, पडदा टबाच्या आत सोडायचा. नळ पुष्कळदा दोन, एकातून उकळतं आणि एकातून बर्फ. संडासात पाणी नसतं, तेव्हा प्लास्टिकचा तांब्या बॅगेत टाकाच. स्वयंपाकघरात हिंग-मोहरीची फोडणी दिली की धुराचा भोंगा ठणाणा करतो. आधी पंखा लावा, दार लोटून घ्या.

माणसं सभ्य असतात, पण अंतर राखून. शेजारीण कुंपणावरून हवेबद्दल दहा मिनिटं बोलेल आणि आत बोलावणार नाही. अपमान वाटून घेऊ नका. न कळवता दारात उभं राहायचं नाही. पुणेकराला हे जड जाऊ नये, दुपारी एक ते चार आपण तरी कुठे दार उघडतो? रांग कुठली ते कळलं नाही तर विचारा, पण मध्ये घुसू नका. रेडिंगची बस हात दाखवल्याशिवाय थांबेलच असं नाही. उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची पद्धत आहे, मला फार आवडली.

टेम्सकाठचा:
काकूंनी सगळं लिहिलंच आहे, चार गोष्टींची भर.

विमा घ्याच, बीपी-शुगर लपवू नका. पर्यटकाला अपघात विभागातले उपचार फुकट आहेत, पण दाखल करून घेतलं की बिल लागतं, तेही एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा.

भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, श्रीखंड पुण्यातच ठेवा. मसाले, मेतकूट, कुरडया आणा.

साठीनंतर बस फुकट असं कोणी सांगेल. ती सवलत तिथल्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही.

आणि लंडनमध्ये फुटपाथच्या कडेला उभं राहून फोनवर नकाशा बघू नका. सायकलवरून येऊन हातातून हिसकावतात. भिंतीकडे सरकून बघा.

सहकारनगरकर:
काकू, दंडवत. सौ. ने तुमचा बाथरूमचा परिच्छेद दोनदा वाचून घेतला. दोन शंका राहिल्या. ती विचारतेय, रेल्वेत घरचा डबा खाल्ला तर कोणी काही म्हणेल का? आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत बाहेर राहिलेलं बरं?

कर्वेनगरची_काकू:
खुशाल खा, सगळे सँडविच खातच असतात. फक्त लसणाची चटणी डब्यात बंद ठेवा. जूनमध्ये तिथे सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे उजेडाची काळजी नाही. मात्र परतीचं ऑफ-पीक, म्हणजे गर्दीची वेळ सोडून चालणारं, तिकीट असेल तर संध्याकाळच्या गर्दीत कुठली गाडी चालते ते खिडकीवर विचारून घ्या. मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवा.