स्पॉन्सर कंजूष नाहीत, आपली प्रपोजलं भिकार आहेत

क्लचप्लेट: परवा इथे एकाने ड्रॅग (सरळ रस्त्यावर दोन गाड्यांची छोटी शर्यत) टीमच्या स्पॉन्सरशिपवर लिहिलं, "गाडी वेगवान करा, टायमिंग आणा, कंपन्या आपोआप मागे येतील. नाही आल्या तर समजा, त्यांना क्रिकेटशिवाय काही दिसत नाही." खाली सगळ्यांची वाहवा. दोन ओळींत उत्तर देऊन भागेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

कंपनीला तुमच्या ईटीशी, म्हणजे अंतर कापायला लागलेल्या वेळेशी, काडीचं घेणंदेणं नाही. १९७० साली खेळण्यांच्या मॅटेल कंपनीने प्रुडोम आणि मॅकइवेन या अमेरिकन ड्रॅग रेसरांच्या फनी कारवर (ड्रॅगचाच एक गाडीप्रकार) आपल्या हॉट व्हील्स या खेळण्यातल्या गाड्यांचं नाव लावलं, ते काय टायमिंग स्लिप बघून? एक 'स्नेक', दुसरा 'मंगूस', दोघांची खुन्नस, आणि त्याच गाड्या खेळणी म्हणून पोरांना विकता येत होत्या. मॅटेलने धंदा बघितला.

आपल्याकडे काय पाठवतात? जाडजूड पीडीएफ, निम्मी पानं टर्बो, इंजेक्टर आणि डायनो शीट. वाचणाऱ्याला ४०२ मीटर म्हणजे काय (ड्रॅगचा पाव मैल) हेच माहीत नसतं. एक पान पुरतं: सीझनमध्ये कोणते इव्हेंट, बघायला कोण येतं, तुम्हाला काय देणार, पैसे किती, कोणत्या हप्त्यात. आणि ते नोव्हेंबर ते जानेवारीत न्या, एप्रिलपासूनचं बजेट तेव्हा ठरतं. इव्हेंटच्या तीन आठवडे आधी गेलात तर "बजेट संपलं" हेच ऐकाल, आणि ते खरं असेल.

नायट्रो_नाना: लेक्चर छान. पण टायमिंगच नसेल तर विकणार काय, स्टिकर? आज रील बनवणारा पोरगा स्टॉक, काहीच बदल न केलेल्या गाडीला रॅप मारून पैसे घेऊन जातो आणि इंजिन उघडणारा हात काळे करत बसतो. आणि अमेरिकेचे दाखले देताय तर पूर्ण द्या. तिथला ड्रॅग रेसर जॉन फोर्स, सोळा टायटलं, कॅस्ट्रॉल जवळपास तीन दशकं सोबत. २०१४ च्या शेवटी कॅस्ट्रॉल गेलं, फोर्डही गेलं. दुसरा रेसर टोनी शूमाकर, आठ टायटलं. २०१८ नंतर त्याचा स्पॉन्सर यूएस आर्मी गेली आणि पुढच्या वर्षी त्याला पूर्ण सीझन पळता आला नाही. कुठे गेला मग तुमचा 'धंदा'?

क्लचप्लेट: नाना, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. सोळा टायटलं जिंकूनही स्पॉन्सर टिकत नाही, म्हणजे टायमिंगवर स्पॉन्सर टिकत नाही. धन्यवाद.

नायट्रो_नाना: शब्दात पकडू नका. तीन दशकं टिकला तो जिंकत होता म्हणूनच.

मार्केटिंगवाली: फोर्स जिंकायचा तसा बोलायचाही. माईक पुढे आला की प्रत्येक वाक्यात स्पॉन्सर. आपल्याकडचे रायडर बक्षीस घेताना "सगळ्यांचे आभार" म्हणून उतरतात. नाव घ्यायला कोणी अडवलंय?

घाटाचा_राजा: रडत बसा तुम्ही. आमच्या बैलगाडा शर्यतीत बक्षीस म्हणून जेसीबी, बोलेरो, थार, ट्रॅक्टर निघतात. घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, वेळ सेकंदातच मोजतात, सरळ रेषेतच पळतात. पीडीएफ कोणी केली होती?

नायट्रो_नाना: त्याला स्पॉन्सर म्हणत नाहीत, निवडणूक म्हणतात.

घाटाचा_राजा: निवडणूक असो नाहीतर वाढदिवस, ट्रॅक्टर खरा असतो ना? तुमची ड्रॅग होते त्या एअरस्ट्रिपवर पास असल्याशिवाय आत सोडत नाहीत. माणूस नाही तिथे कंपनी कशाला येईल?

मार्केटिंगवाली: राजे, बक्षीस आणि स्पॉन्सर यांत गल्लत होतेय. थार एकाला मिळते. बाकीच्यांचा खुराक, टेम्पो, गड्यांचा पगार कोण देतं? मालक, स्वतःच्या खिशातून. ड्रॅगवाल्यांचंही तेच दुखणं आहे. पण एक मान्य: घाटात निवेदक दिवसभर मालकाचं आणि गावाचं नाव पुकारतो. इथे "लेन दोन, गाडी नंबर अमुक" एवढंच. सकाळी निवेदकाच्या हातात चिठ्ठी द्या: टीम, रायडर, स्पॉन्सर, उच्चारासकट. एन्ट्रीतल्या टीमच्या नावातच स्पॉन्सर बसवता आला तर निकालपत्रावरही छापून येतो. त्यासाठी वेगळं एन्ट्रंट लायसन्स (टीमच्या नावाने उतरायचा परवाना) लागतं का, ते आधी विचारून घ्या.

घाटाचा_राजा: कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी देईपर्यंत वर्षानुवर्षं शर्यती बंद होत्या. पक्का निकाल आला मे २०२३ ला. तोवर लोकांनी दावणीला बैल सांभाळले. तुमची टीम एक सीझन गेला की गाडी विकायला काढते. कंपनीने विश्वास कशावर ठेवायचा?

नायट्रो_नाना: बैलाला क्लच किट लागत नाही!

घाटाचा_राजा: आणि गाडीला रोज पेंड लागत नाही. हिशेब काढायचाय का?

क्लचप्लेट: अहो, धागा घाटातून वर आणा. विश्वासाचा मुद्दा मात्र बरोबर आहे, नाइलाजाने कबूल. इव्हेंटनंतर सात दिवसांत रिपोर्ट जायला हवा: लोगो वाचता येईल असे दहा फोटो, व्हिडिओचे आकडे, काय ठरलं होतं आणि काय झालं. हरलात तरी पाठवा. बहुतेक टीमा पैसे घेतल्यावर थेट पुढच्या वर्षी फोन करतात.

विनाईलवाला: फोटोत लोगो दिसायला तो जागेवर हवा. सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्याला मागच्या चाकामागचा मोठा पत्रा देतात. रिअर व्हील ड्राइव्ह असेल तर दोन बर्नआउटमध्ये (टायर तापवायला चाकं जागेवर फिरवतात ते) तिथे रबराचा काळा थर बसतो, संध्याकाळी लोगो गायब. मुख्य लोगो दारावर, चाकाच्या पुढे. कॅमेरे स्टेजिंगजवळ, म्हणजे सुटायच्या रेषेपाशी, बाजूला असतात, तिथे दारच दिसतं. समोरची काच आणि नंबरशेजारची जागा बरेचदा आयोजक स्वतःच्या स्टिकरला ठेवतात, ती विकू नका. कडा वाऱ्याने उचलतात, चिकटवताना कडेला प्रायमर लावा. रनच्या मध्ये आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ कापड. पेट्रोलने पुसलं की प्रिंट उतरलीच.

मार्केटिंगवाली: त्यातच भर. इव्हेंटचा ऑइल स्पॉन्सर एक, तुमचा दुसरा, असं झालं तर स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, स्टिकर काढायला लावतील. नियमपत्रक आधी वाचा, मग करारात 'या प्रकारात दुसरा ब्रँड नाही' असं लिहा.

पिस्टन_पाटील: पैशाचं कोणीच बोलत नाही. सगळे "प्रॉडक्ट देतो" म्हणतात. तेल आणि टायर घेऊन ट्रेलरचं भाडं देता येतं का?

सीए_दादा: प्रॉडक्टही फुकट नसतं. वर्षात वीस हजारांवर वस्तू दिली की दहा टक्के टीडीएस, ज्याला सगळे १९४आर म्हणतात. रोख हातात नाही आणि कर मात्र रोख, कोण भरणार ते आधी ठरवा. जीएसटी: टीम प्रोप्रायटरशिप (एकाच मालकाची) आणि स्पॉन्सर कंपनी, तर रिव्हर्स चार्जने कंपनी भरते. टीम प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर १६ जानेवारी २०२५ पासून तुम्हीच बिलात १८ टक्के लावायचे. काही जण कंपनी काढून मोकळे होतात आणि जुनंच बिल पाठवतात. आणि "सीएसआरमधून (कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून) द्या" हे बंद करा. जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये बसत नाही, २०२१ पासून नियमात स्वच्छ लिहिलंय.

पिस्टन_पाटील: वा, म्हणजे आता रेसर नको, सीए पाहिजे. आणि पैसे सहा महिने अडकवतात त्याचं काय?

सीए_दादा: उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, नंबर बिलावर टाका. सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत आणि मार्चअखेरही थकलेले राहिले तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. मार्चमध्ये त्यांचाच अकाउंट्सवाला फोन करतो. लेखी करार हवा, नाहीतर मुदत पंधराच दिवस. आणि निम्मे पैसे सहीला घ्या.

भोसरीकर: हेड ऑफिसच्या मागे लागण्यापेक्षा डीलर आणि एमआयडीसी. डीलरच्या स्थानिक जाहिरातीचा काही वाटा कंपनी परत देते, त्यात बसवा. भोसरी-चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्याला ग्राहक नको असतो, त्याला कामगार टिकवायचे असतात. खंडेनवमीला गाडी शॉपफ्लोअरजवळ लावा, त्यांनी टर्निंग केलेला पार्ट त्यात बसवलेला दाखवा. मालक खूश, आणि पुढच्या वर्षी तोच विचारतो.

नायट्रो_नाना: म्हणजे पार्ट चांगला हवा. म्हणजे गाडी पळायला हवी. आलात ना माझ्याच मुद्द्यावर?

क्लचप्लेट: अर्ध्या. बंद पडणारी गाडी कोणी लावून घेणार नाही, एवढं घ्या. पण ईटीच्या दोन शतांशांसाठी टायमिंगची भांडणं करणारे, त्यांच्याच प्रोफाइलवर लवासाच्या रस्त्यावरच्या रात्रीच्या बेकायदा शर्यतीची क्लिप असते. कंपनीचा लीगलवाला आधी तीच बघतो.

पिस्टन_पाटील: ती क्लिप जुनी आहे.

क्लचप्लेट: मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

मार्केटिंगवाली: 😄 करारात एक ओळ राहतेच सगळ्यांची: इव्हेंट रद्द झाला तर काय? पाऊस, परवानगी, धावपट्टी मिळाली नाही. "प्रत्येक रद्द इव्हेंटमागे शोरूममध्ये दोन दिवस गाडी" असं लिहा, म्हणजे पैसे परत मागत नाहीत.

घाटाचा_राजा: शोरूममध्ये दोन दिवस बैल पण उभा करता येईल. रेट सांगा.