तीन मलिदे एका टेबलावर: पाटीवर 'प्रसाद' लिहावं का?

ओटीवरून
नमस्कार मंडळी. महाविद्यालयातल्या खाद्यसंस्कृती प्रदर्शनात तीन मलिदे शेजारी शेजारी मांडायचे आहेत: बेने इस्राएलांचा (म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा), मुस्लिमांच्या फातेहाचा आणि पारशांचा मलिदो. तीन ठिकाणी अडलंय. पोह्यांच्या मलिद्याचा तासाभरात गोळा होतो (पातळ पोहे, पाच मिनिटं पाण्यात, वरून साखर). दुसरं, पाटीवर 'तीन धर्मांचे प्रसाद' असं लिहायचं ठरतंय, ते चालेल का? तिसरं, एक विद्यार्थी ताटासमोर हिब्रू प्रार्थना म्हणून दाखवणार आहे. नेमकी कोणती म्हणायची?

रोवळी
आधी गोळ्याचं बघू. पातळ पोहे मलिद्याला घेऊच नका, ते चिवड्याचे. जाडे किंवा मध्यम पोहे घ्या, लाल मिळाले तर उत्तमच. भिजत घालायचे नाहीत. रोवळीत घेऊन वरून पाणी ओतायचं, हलक्या हाताने एकदा वरखाली करायचे आणि पंधरा मिनिटं निथळत ठेवायचे. दाणा बोटांत दाबला तर मोडला पाहिजे, पण पीठ व्हायला नको.

अर्धा किलो पोह्यांना एका मोठ्या नारळाचा चव, पाव किलो चिरलेला गूळ किंवा साखर, आठदहा वेलच्या, पाव जायफळ, चिमूटभर मीठ आणि मूठमूठ बदाम, पिस्ते, बेदाणे. बारापंधरा माणसांना पुरतं. खरी मेख क्रमात आहे. गूळ आणि खोबरं आधी एकत्र चोळून दहा मिनिटं ठेवा, त्याला आपोआप पाणी सुटतं. मग त्यात पोहे. पोहे तो ओलावा ओढून घेतात, म्हणूनच आधी ते जरा कोरडेच ठेवायचे. तुमच्याकडे पोह्यांनी पोटभर पाणी आधीच प्यायलं होतं, त्यात साखरेचं पाणी सुटलं, मग गोळा होणारच.

ओलं खोबरं उकाड्यात तीनचार तासांत आंबतं. सकाळी कालवलेला मलिदा दुपारी कुणाला चाखायला देऊ नका. वास बदललेला लगेच कळत नाही.

नवगाव बंदर
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे: प्रार्थना म्हणून दाखवू नका.

बेने इस्राएलांच्या मलिद्यात ताटावर ज्या बराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीची छोटी वचनं, म्हणतात त्यांत देवाचं नाव येतं, आणि बराखा म्हणतात ती तो पदार्थ खाण्यासाठी. बराखा आणि पहिला घास यांच्यामध्ये बोलायचंसुद्धा नसतं. म्हणून दाखवली आणि खाल्लं नाही, तर ती वाया गेलेली बराखा, आणि देवाचं नाव विनाकारण घेणं ज्यू धर्मात मोठा दोष मानतात. प्रात्यक्षिक म्हणून करायची ही गोष्टच नव्हे.

'प्रसाद' न लिहिण्याचं कारणही हेच. नैवेद्यात पदार्थ आधी देवापुढे जातो आणि त्याचा होऊन परत येतो. इथे ताट देवाला दाखवत नाहीत आणि एलियाहू हन्नाबीलाही दाखवत नाहीत. एलियाहू पैगंबराचं नाव गाण्यात असतं (एलियाहू हन्नाबी, एलियाहू हतिश्बी, एलियाहू हगिलादी हे पालुपद), स्तुती मात्र देवाची. माणसं खातात तेव्हा विधी पुरा होतो. नवस फेडताना, लग्नाआधी, सुंतेला, नव्या घरात जाताना मलिदा करतात, तो आभाराचा असतो.

ताटात पोह्यांच्या ढिगाभोवती साधारण पाच प्रकारची फळं आणि गुलाब किंवा सब्जाची डहाळी असते. ही नुसती सजावट नाही. झाडाच्या फळाची बराखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, धान्याची वेगळी, सुवासाची वेगळी. म्हणून प्रत्येक गटातलं काहीतरी ताटात लागतं. केळं बघा. आपल्या लेखी ते झाडाचं फळ, पण केळीचा खांब एकदा व्याला की मरतो, त्याला लाकूड धरत नाही, म्हणून केळ्याला जमिनीची बराखा. खजूर इस्राएलच्या भूमीच्या स्तुतीतल्या सात पिकांत येतो, म्हणून झाडाच्या फळांत सफरचंदाआधी खजुराचा मान. तो फोडून, आत अळी नाही हे बघूनच ठेवतात.

आणि तूप अजिबात नको. मलिद्यानंतर बहुधा कोंबडीचं जेवण असतं, आणि मांसाबरोबर दुधातुपाचं चालत नाही. पोहे, नारळ, गूळ यांत दूध नाही, मांस नाही. कोकणात राहून धर्माचे नियम पाळणाऱ्यांना याहून सोयीचा पदार्थ सापडला नसता.

जागेचा उल्लेख करायचा असेल तर अलिबागजवळचं खंडाळे लिहा. एलियाहूचा रथ तिथून आकाशात गेला अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे, कातळावर त्याच्या खुणा दाखवतात. ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, झाडांच्या नववर्षाच्या दिवशी तिथे मलिदा होतो.

चुलीपाशी
मुस्लिम मलिद्याबद्दल. शब्द फार्सी, 'मालीदन' म्हणजे चोळणं, मळणं. इथला मलिदा त्या अर्थाला सगळ्यात जवळचा: पोळी कुस्करून तूपगुळात चोळलेली.

अर्धा किलो कणकेला चार चमचे तुपाचं मोहन, कणीक घट्ट भिजवायची आणि जाडसर रोट्या मंद आचेवर आतपर्यंत भाजायच्या. पातळ फुलके घेतलेत तर कागदासारखे तुकडे होतात. रोटी हाताला सोसवेल इतकी गरम असतानाच कुस्करायची, कारण गार झाली की चिवट होते आणि गूळही विरघळत नाही. दोनशे ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम तूप, वेलची. मुठीत दाबल्यावर मूठ धरेल आणि बोट लावल्यावर सुटेल, इतपत ओलं हवं.

फातेहात कुराणातली सूरह फातेहा, सूरह इख्लास (बहुतेक तीनदा) आणि दुरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना) म्हणतात. मग दुआ: या पठणाचं आणि या अन्नदानाचं पुण्य अमुक वलींना (संतांना) किंवा अमुक मृतांना पोहोचो. याला ईसाले सवाब म्हणतात. मलिदा पीरबाबा खात नाहीत. लोकांना खाऊ घातलं हेच पुण्य. त्यामुळे वाटला नाही तर अर्थच उरत नाही. वाटलेल्याला तबर्रुक म्हणतात. महाराष्ट्रात गावोगावच्या दर्ग्यांत हिंदूही मलिदा नेतात आणि परत आणलेल्याला सहज 'प्रसाद' म्हणतात. ती त्यांची भाषा, त्यात चूक नाही. पण पाटी सगळ्यांच्या वतीने बोलते, तिथे तबर्रुक लिहा. शिवाय सगळे मुस्लिम फातेहा करत नाहीत, काही पंथांना तो मान्य नाही. 'काही मुस्लिम समाजांत' असं लिहिलंत तर बरं.

रोवळी
पारशी मलिदोचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. रवा आणि कणीक तुपात मळून जाड पुऱ्या तळायच्या, कुटायच्या, मग साखरेच्या पाकात तूप घालून मंद आचेवर परतायच्या. वेलची, जायफळ, चारोळी. यात अंडी असतात, पाटीवर ते ठळक लिहा. उकळत्या पाकात फेटलेली अंडी घातली की त्यांची भुर्जी होते. भांडं उतरवून पाक कोमट होऊ द्यायचा, अंडी धार धरून ढवळत घालायची आणि मगच परत आचेवर. बरोबर कुरकुरीत पापडी देतात.

जशनमध्ये, म्हणजे पारशांच्या आभाराच्या किंवा स्मरणाच्या विधीत, चादरीवर अफरगान्यूत (अग्नीच्या पात्रात) अग्नी, चंदन, लोबान, फळं, फुलं, दूध, पाणी आणि मलिदो मांडतात. झोत आणि रास्पी असे दोन धर्मगुरू आफ्रिंगान ही आशीर्वादाची प्रार्थना म्हणताना एकमेकांना फुलं देतात, फुलं आठ असतात. फरोख्शीसारख्या विधीत हे फ्रवशींसाठी, म्हणजे दिवंगतांच्या आणि पुण्यवंतांच्या आत्मतत्त्वांसाठी असतं. मंत्र झाल्यावर मलिदो चाखतात, त्याला चासनी म्हणतात.

ओटीवरून
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रार्थनेचा कार्यक्रम रद्द. पाटी अशी केली आहे: 'मलिदा: एक शब्द, तीन विधी. बेने इस्राएल: देवाच्या आभाराचं ताट. काही मुस्लिम समाज: मृतांच्या नावे अन्नदान. पारशी: फ्रवशींच्या स्मरणाचा घास.' बरोबर?

नवगाव बंदर
पहिल्या ओळीत 'आभाराचं आणि बराखांचं ताट' करा, बराखांशिवाय ते नुसते गूळपोहे. पोहे वाटायच्या थोडं आधीच कालवा, केळी सोललेली मांडू नका, काळी पडतात. आणि पोह्यांच्या परातीतला डाव तुपाच्या परातीत जाऊ देऊ नका. एखादा बेने इस्राएल पाहुणा आला तर त्याला निःशंक घास घेता आला पाहिजे.