गुडघे दुखतात, पोहता येत नाही, पूलमध्ये व्यायाम करून वजन उतरेल का? (ठाणे, घोडबंदर रोड)

घोडबंदरची_सून:
नमस्कार मंडळी. असा धागा आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या प्लीज, मी शोधलं पण सगळीकडे पोहायला कसं शिकायचं तेच सापडलं आणि माझं गाडं वेगळीकडेच अडलंय.

वय ४६, उंची ५ फूट २, वजन ८१. दोन्ही गुडघ्यांत झीज सुरू झालीये. डॉक्टर म्हणाले जिने कमी करा, खाली मांडी घालून बसू नका आणि वजन उतरवा. आता वजन उतरवायचं कसं तर चाला, आणि चाललं की गुडघे दुखतात, मग चार दिवस घरात. थायरॉइडची गोळीही चालू आहे. आमच्या इथे चालायला जागा म्हणजे सर्व्हिस रोड, तिथे धूळ आणि डंपर. उपवनला छान वाटतं पण रोज रिक्षा करून चालायला जायचं म्हणजे काय ते तुम्हीच सांगा.

तर सोसायटीत पूल आहे, सगळीकडे ४ फूट खोल. सकाळी पोरं शाळेत गेली की रिकामाच असतो. मला पोहता येत नाही, मी आपली कठडा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. गुडघ्याला अजिबात त्रास नाही, उलट बरं वाटतं. पण शेजारच्या काकू म्हणतात पाण्यात घामच येत नाही तर वजन कुठून उतरणार. घड्याळात बघितलं तर हार्ट रेटपण फार काही वाढलेला दिसत नाही, आणि बाहेर आलं की अशी काही भूक लागते की डब्यातला चिवडा दिसेल तेवढा संपतो.

म्हणजे हे सगळं फुकट चाललंय का? पोहता न येता पाण्यात नक्की काय करायचं, किती वेळ, कपडे कुठले, सगळंच सांगा.

ऐरोलीकर:
काकूंना सांगा घाम पाण्यातपण येतो, फक्त दिसत नाही. आणि घामाचा नि चरबीचा काही संबंध नाही हो. मे महिन्यात ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर उभं राहून जेवढा घाम येतो तेवढ्यात आपण सगळे सडपातळ झालो असतो. घामाने जातं ते पाणी, दोन ग्लास प्यायलं की परत.

जिमवाला_भाऊ:
ताई स्पष्ट बोलतो राग मानू नका. पूल वगैरे मजा म्हणून ठीक. वजन उतरवायचं तर जिम लावा, वेट्स मारा. पूलमध्ये बायका नुसत्या गप्पा मारत उभ्या असतात हे आमच्या सोसायटीत रोज बघतो.

फिजिओ_वाशीची:
भाऊ, गप्पा मारत उभं राहिलं तर जिममध्येपण काही होत नाही, तिथेही मोबाईल घेऊन मशीनवर बसलेले असतातच की.

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघेवाल्यांना पाण्यात व्यायाम देणं हे माझं रोजचं काम. तुम्हाला तपासलेलं नाहीये त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना एकदा विचाराच, पण ढोबळमानाने सांगते.

कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर निम्माच भार येतो. छातीइतक्या पाण्यात पाव ते एक तृतीयांश. तुमची उंची बघता ४ फूट पाणी छातीच्या वर येत असणार, म्हणजे तुमचे ८१ किलो गुडघ्यांना साधारण २०-२५ किलोंसारखे वाटतात, म्हणून दुखत नाही. पण म्हणूनच रमतगमत चाललं तर मेहनतही कमीच होते. ती वाढवायची कशी तर वेगाने. पाणी हवेच्या ८०० पट दाट आहे, आणि त्यात वेग दुप्पट केला की अडथळा जवळपास चौपट होतो. तिथे डंबेल लागत नाही, तुम्ही जेवढं जोरात ढकलाल तेवढं ते उलट ढकलतं.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे कठडा सोडा. धरून चाललं की अर्धं काम हातच करतात. कठड्यापासून हातभर अंतरावर चाला म्हणजे वाटलं तर पकडता येईल. दुसरं, पाण्यात सगळे नकळत चवड्यांवर चालायला लागतात, मग पोटऱ्यांत गोळे येतात. टाच आधी, मग पूर्ण पाऊल. पोट आत, अंग पुढे झुकवायचं नाही. पाचेक मिनिटं असं चालून अंग मोकळं झालं की उलटं चाला, मग आडवं, खेकड्यासारखं. उलटं चालताना मांडीच्या स्नायूंना काय काम लागतं ते दुसऱ्या दिवशी जिन्यावर कळेल (जो तुम्ही चढायचा नाहीये).

मग खरा भाग. एक मिनिट जेवढं जमेल तेवढं जोरात, गुडघे वर उचलत, हात पाण्याच्या आत ठेवून ढकलत. पुढचं मिनिट सावकाश. असे आठ-दहा फेरे. हाताची मूठ केली तर सोपं, पंजा उघडा करून पाणी ओढलं तर अवघड, म्हणजे दमलात की मूठ, जोम आला की पंजा. मग कठड्याला पाठ लावून एकेक पाय सरळ पुढे उचलायचा आणि खाली आणताना मुद्दाम जोरात दाबायचा, बाजूलाही तसंच. शेवटी कठडा धरून पालथं होऊन पाय मारायचे, कमरेतून, गुडघ्यातून नाही. आणि पुढे पोहायला शिकलात तर ब्रेस्टस्ट्रोकची बेडकासारखी लाथ सध्या नको, ती गुडघ्याच्या आतल्या बाजूला त्रास देते. फ्रीस्टाइल किंवा पाठीवर पोहणं बरं.

घड्याळाचं म्हणाल तर त्याच्यावर जाऊ नका. पाण्याच्या दाबामुळे रक्त छातीकडे जास्त येतं, त्यामुळे तेवढ्याच मेहनतीला ठोके मिनिटाला १०-१५ कमी पडतात. शिवाय मनगटावरची घड्याळं पाण्यात नीट वाचतही नाहीत. साधी परीक्षा आहे, चार शब्द बोलता येतायत पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागायला हवा.

घोडबंदरची_सून:
अगं बाई, किती छान सांगितलंत. चवड्यांवर चालणं तर हुबेहूब मी! पोटरीत गोळे येतात ते मला वाटायचं कॅल्शियम कमी असेल.

नेरुळचा_मासा:
मी हिशोबाचा माणूस आहे, जरा आकडे टाकतो म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. पाण्यातल्या एरोबिक्सला निवांत बसण्याच्या पाचपट-सव्वापाचपट ऊर्जा लागते असं धरतात. ८१ किलोच्या माणसाला पाऊण तासात ३२० कॅलरीच्या आसपास. त्यातल्या ६० तर सोफ्यावर बसूनही जळल्या असत्या, त्या वजा केल्या की उरल्या २६०. आठवड्यात चार दिवस केलं तर हजार-साडेदहाशे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे खाण्यात काहीच बदल नाही केला तर नुसत्या पूलवर एक किलो उतरायला सात-साडेसात आठवडे.

आणि एक वडापाव ३००च्या घरात. म्हणजे पूलमधून निघून कोपऱ्यावरच्या गाडीवर गेलात की पाऊण तास खल्लास. चिवड्याचा तर विषयच काढू नका, वाटीभर म्हणत म्हणत किती जातो ते कोणी मोजलंय.

ताई मी नाउमेद करत नाहीये. फक्त काट्यावर रोज उभ्या राहू नका. शिंप्याची टेप घ्या आणि पंधरा दिवसांनी कंबर मोजा. आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० ही मर्यादा धरतात. माझा काटा बरेच महिने ढिम्म होता, पण पँटला पट्टा लागायला लागला.

चरईची_आजी:
भुकेचं मी सांगते. गार पाण्यातून आलं की भूक खवळतेच, ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत. आम्ही तरुणपणी पोहून आलो की थेट मामलेदारची मिसळ, दोन पाव जास्तीचे, वर तर्री मागून. तेव्हा वय होतं, पचलं.

तू असं कर, पूलवर जायच्या आधीच नाश्त्याची तयारी करून ठेव. मुगाचं धिरडं, नाहीतर दोन उकडलेली अंडी, बरोबर ताक. पोट भरतं आणि डब्याकडे हात जात नाही. गोळी सकाळी उठल्या उठल्या अनशापोटी घेतेस ना? मग गोळी, पूल आणि मग खाणं असा क्रम आपोआप बसतो. नुसता चहासुद्धा गोळीनंतर अर्धा-पाऊण तास नको. आणि आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ कर, त्यानेही भूक जरा शांत होते असा माझा अनुभव आहे.

कॉस्च्युम_एक्स्पर्ट:
कपड्यांचं कोणीच सांगितलं नाही! सुती टीशर्ट-लेगिंग घालून उतरू नका, पाणी पिऊन जड होतात आणि धागे फिल्टरमध्ये जातात, म्हणून बहुतेक पूलवर बंदीच असते. नायलॉनचे फुल कॉस्च्युम मिळतात, कोपरापर्यंत हात, घोट्यापर्यंत पाय, वरून स्कर्टसारखी झालर असलेलेही येतात. प्लससाइज मिळतात. कॅप सिलिकॉनची घ्या, कापडी कॅपमधून पाणी जातंच. केसांना आधी खोबरेल लावायचं भरपूर, मग क्लोरीन लागत नाही.

सोसायटी_सेक्रेटरी_नावाला:
खोबरेल नका लावू हो!! आमच्या पूलवर तेलाचा तवंग काढता काढता माणूस दमतो. उतरायच्या आधी साध्या पाण्याने केस चिंब भिजवा, भिजलेले केस पूलचं पाणी कमी शोषतात, वर कॅप. आणि शॉवर घेऊन उतरा ही हात जोडून विनंती. तो जो डोळ्यांत जाणारा वास येतो ना, लोकांना वाटतं क्लोरीन जास्त झालं. तो वास क्लोरीनचा घामाशी आणि (सॉरी) लघवीशी संयोग झाला की येतो. चांगल्या ठेवलेल्या पूलला फारसा वासच नसतो. तळाच्या टाइल्सच्या रेषा स्वच्छ दिसत नसतील तर त्या दिवशी उतरूच नका.

एक महत्त्वाचं, तुम्ही "रिकामा असतो" लिहिलंय. सकाळी लाइफगार्ड असतो का?

घोडबंदरची_सून:
नाही, तो संध्याकाळीच येतो. पण पाणी चारच फूट आहे ना, उभं राहिलं की डोकं वर.

सोसायटी_सेक्रेटरी_नावाला:
चार फुटांतही माणूस बुडतो ताई. पाय घसरला, गोळा आला, नाकातोंडात पाणी गेलं की गोंधळून उभं राहायचं सुचत नाही. पोहता येत नसेल तर एकटीने अजिबात उतरू नका. एकतर संध्याकाळी जा नाहीतर तीन-चार जणी मिळून सकाळच्या गार्डची मागणी सोसायटीकडे लेखी द्या. जणी जास्त असल्या तर कमिटीला नाही म्हणता येत नाही, आतली गोष्ट सांगतोय.

फिजिओ_वाशीची:
१००% सहमत. हे मी आधीच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

आणि जिमवाला भाऊंचं एक बरोबर आहे. पाण्यात हाडांवर पुरेसा भार येत नाही, आणि चाळिशीनंतर बायकांच्या हाडांना भार हवाच असतो. म्हणून आठवड्यात दोन दिवस घरी थोडा ताकदीचा व्यायाम. उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं (दुखलं तर खुर्चीवर उशी ठेवून अजून उंच करा), भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. बाकी आठवड्याला १५० मिनिटांचं लक्ष्य ठेवा, पाण्यात चार वेळा चाळीस मिनिटं केलं की ते पूर्ण होतं. पण सुरुवात वीस मिनिटांपासून, पहिल्याच दिवशी पाऊण तास नको. पाण्यात असेपर्यंत काही वाटत नाही, बाहेर आल्यावर पाय शिशाचे होतात.

जिमवाला_भाऊ:
चला, काहीतरी बरोबर निघालं म्हणायचं माझं 😄 ताई प्रोटीन वाढवा, आजी बोलल्या ते बरोबर आहे.

कळव्याहून:
पोहायला शिकायचंच असेल तर महापालिकेच्या तलावावरपण चौकशी करा, ठाण्यात मारोतराव शिंदे तरणतलाव आहे. लेडीज बॅच आणि फीचं तिथे जाऊनच विचारा, फोनवर धड उत्तर मिळत नाही आणि नेटवरचे रेट जुने असतात. नवी मुंबईवाल्यांसाठी वाशीला स्पोर्ट्स असोसिएशनचा पूल आहे पण तिथे मेंबरशिपचं बघावं लागेल. शिकाच असं म्हणेन, एकदा पाण्याची भीती गेली की नुसतं चालण्यापेक्षा बरंच काही करता येतं.

सीवूड्स_दर्शन:
धागा हायजॅक करतोय सॉरी, पण आईसाठी विचारायचं होतं. ६८ वय, बीपीची गोळी चालू, गुडघे तसेच. तिलाही हे चालेल का?

फिजिओ_वाशीची:
चालतं बऱ्याच जणांना, पण आधी डॉक्टरांना विचारा, बीपी गोळीने ताब्यात असायला हवं. सोबत पाण्यात कोणीतरी हवंच, काठावर नाही, पाण्यात. श्वास रोखून व्यायाम करायचा नाही, तोंडाने मोजत राहायला सांगा म्हणजे आपोआप श्वास चालू राहतो. आणि बाहेर येताना सगळ्यात जास्त जपा. पाण्याचा दाब अचानक निघाला की बीपी खाली येतं, चक्कर येते आणि ओल्या टाइलवर माणूस पडतो. शेवटची पाच मिनिटं सावकाश चालणं, मग पायरीवर अर्धं अंग पाण्यात ठेवून मिनिट-दोन मिनिटं बसणं, मग रेलिंग धरून वर. शिडी सरळ उभी असेल तर तो पूल त्यांच्यासाठी नको, रुंद पायऱ्यांचा शोधा.

सीवूड्स_दर्शन:
आमच्याकडे उभी शिडीच आहे. बरं झालं विचारलं, शेजारच्या सोसायटीत पायऱ्या आहेत, तिथे मावशी राहते, तिच्याकडे गेस्ट पासचं बघतो.

घोडबंदरची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या विंगमधल्या तिघी तयार झाल्यात, सकाळच्या गार्डसाठी अर्ज आज लिहितेय. तोपर्यंत संध्याकाळी सातनंतर, पोरं निघाली की. @कॉस्च्युम_एक्स्पर्ट, ते झालरवाले फुल कॉस्च्युम ठाण्यात दुकानात बघून घेता येतील का, की ऑनलाइनच? साइजचा भरवसा नाही म्हणून विचारतेय.

कॉस्च्युम_एक्स्पर्ट:
स्टेशनजवळच्या स्पोर्ट्सच्या दुकानांत बघा, घालून बघू देत नाहीत पण अंगाला लावून अंदाज येतो. नेहमीच्या मापाचाच घ्या, मोठा नको. नायलॉन पाण्यात सैल पडतं.