'युटोपियन होप'ला मराठीत काय म्हणाल?

एका मार्क्सवादी लेखाचं भाषांतर करतोय आणि 'युटोपियन होप'पाशी अडलोय. 'स्वप्नाळू आशा' लिहिलं तर लेखकाचा अर्थच उलटतो, 'आदर्शलोकाची आशा' फार पुस्तकी. कुणाला सुचतंय का?

उत्तर (गुहागरहून): 'स्वप्नाळू' मार्क्सचा सहकारी एंगल्स याच्या १८८० च्या पुस्तिकेपुरतं ठीक. तिथं ओवेन, फुरिए वगैरे आधीच्या समाजवाद्यांना चिमटा आहे: चित्र सुरेख, पण तिथवर जायची वाट नाही. तुमच्या लेखात बहुधा अर्न्स्ट ब्लॉख हा जर्मन मार्क्सवादी तत्त्वज्ञ असणार. आशेवर तीन जाडजूड खंड लिहिलेत त्यानं (१९५४ ते ५९). युटोपिया म्हणजे मुळात 'नसलेली जागा'. थॉमस मोरनं १५१६ मध्ये ग्रीकवरून घडवलेला शब्द. ब्लॉखचा सगळा भर मात्र 'अजून नाही'वर. आमच्या बोलीत, 'अजून नाय'.

आमच्याकडे धूळवाफेवर भात पेरतात. रोहिणी लागलेल्या, पावसाचा थेंब नाही, ढेकळं फोडून मातीचा भुगा केलेला, आणि त्यात बी टाकून मोकळे. घाटावरच्या पाहुण्याला वेडेपणा वाटतो! पण पेरणारा नुसता आभाळाकडे डोळे लावून बसलेला नसतो. बी पाखडून ठेवलेलं असतं, आणि पावसानं दगा दिला तर दुबार पेरणीपुरतं कणगीत शिल्लकही असतं. १९६१ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या पहिल्याच व्याख्यानात ब्लॉखनं विचारलं होतं, आशेचा भंग होऊ शकतो का? उत्तर होतं, होऊ शकतो. नाहीतर ती आशा कसली.

म्हणून 'आशा' नको. आशेला माणूस लागतो, आशाळभूत होतो. उमेद धरावी लागते, बांधावी लागते. माझं मत 'जाणती उमेद'.

उत्तर (अलिबागहून): उमेद पटली, पण युटोपियात 'जागा' आहे, तुमच्या शब्दात ती जागा, ते गाव कुठं गेलं? उमेद परीक्षेचीही असते. आमच्या इकडच्या चरी गावच्या कुळांनी संप करून १९३३ पासून सहाएक वर्षं खोतांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी कसल्या नाहीत. भात नाही तर नाही. त्यांना आदर्शलोक नको होता, खोत नसलेलं गाव हवं होतं. खोती रद्द करणारा कायदा १९४९ ला झाला.

मूळ प्रश्नकर्ता: मग 'नव्या गावाची उमेद'? शीर्षकात हेच घेतो, 'जाणती' आत मजकुरात येईल. अडचण एकच. लेखाचा शेवट आजच्या काळाबद्दल आहे आणि तिथं कोण नसलेलं गाव हवंय, ते लेखकानं सांगितलेलंच नाही.

उत्तर (गुहागरहून): आमच्या वाडीत तर आज माणसंच नसलेलं गाव आहे. दहातली सात घरं गणपतीलाच उघडतात. तिथं 'युटोपिया' तसाच ठेवा.