धनुष्याला दोरी बांधतात की चढवतात?

भुईकोट_पोरगा: आमच्या गटाचा भुईकोट किल्ल्याशेजारी ऐतिहासिक प्रसंग उभा करायचा घाट आहे. आदिलशाही आणि निजामशाही सोलापूरसाठी किती भांडल्या, ते दाखवायचंय. निवेदनात मी 'धनुष्याला दोरी बांधली' असं लिहिलं. मित्र म्हणतो, 'चढवली' पाहिजे. शिवाय 'धनुष्य' म्हणू की 'कमान'? कमान म्हटलं की लोकांना स्वागतकमान आठवते.

जुनी_मिल: चढवली, शंकाच नाही. बांधतात गुरांना. दोरीचं एक टोक खालच्या खाचेत असतंच, धनुष्य वाकवून दुसरं टोक वरच्या खाचेत सरकवायचं. काम झालं की उतरवायची. चढवून खुंटीला टांगून ठेवलेलं धनुष्य मरतं.
तुमच्या काळाच्या कमानीला तर 'चढवणे' फारच शोभतं. लाकडाच्या गाभ्याला पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याच्या बाजूने, शिंगाची पट्टी, पाठीकडून, म्हणजे समोरच्या बाजूने, सरसात भिजवलेले स्नायूंचे तंतू. शिंग दाब सोसतं, तंतू ताण सोसतात. दोरी उतरवली की कमान उलट्या बाजूला वळते, कधी कधी पार इंग्रजी सी अक्षरासारखी. तिला उलटं वाकवून दोरी चढवायची म्हणजे गुडघा, मांडी, सगळं लागतं.

पाठांतरवाला: म्हणूनच 'शार्ङ्ग'! शृंग म्हणजे शिंग, त्याचं ते शार्ङ्ग, विष्णूचं धनुष्य. ते हातात धरणारा शार्ङ्गपाणी, मराठीत सारंगपाणी. कीर्तनात आयुष्यभर ऐकलं, पण शिंग कधी दिसलं नव्हतं.
आणखी एक. दोरी म्हणजे ज्या. ती चढवलेलं ते 'सज्य', त्यातूनच 'सज्ज' आला. दहावीच्या भूमितीत वर्तुळाची जीवा काढता ना? तीही धनुष्याचीच दोरी.

भुईकोट_पोरगा: ओ, मग निवेदनात 'सैन्य सज्ज झाले' म्हणताना नेमकं दोऱ्या चढवताना दाखवतो की! पण धनुष्य का कमान, ते राहिलंच.

जुनी_मिल: फारसीत कमान म्हणजे धनुष्यच, दारावरची कमान त्या आकारावरून. आदिलशाही शिपायाच्या तोंडी 'कमान' ठेवा, निवेदकाच्या तोंडी 'धनुष्य'. पोरं कळकाचं करतात तो तिरकामठा. तो हातात देऊन 'शाही तिरंदाज' म्हणू नका, हसतील. कन्नडवाल्यांना 'बिल्लु' सांगा, तेलुगूवाल्यांना 'विल्लु'. सोलापुरात तेवढं पुरतं.

मैदानावरचा: शब्द झाले, आता हाताचं बोला. शिंगाची कमान परवडायची नाही. आतून फायबरची, वरून चामडं चढवलेली, मध्ये आत वळलेली घ्या. वजन, म्हणजे ओढायला लागणारा जोर, २५ ते ३० पौंड पुरे. हे वजन २८ इंच ओढल्यावरचं असतं, तेवढा हात पोचत नसेल तर कमी भरतं. जड घेऊन मिशा पिळणारे दहाव्या बाणाला थरथरतात.
इकडची जुनी पद्धत अंगठ्याने ओढायची, अंगठ्यात कडं घालून. त्यात उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण कमानीच्या उजव्या बाजूला बसतो. तीन बोटांनी ओढलं तर डाव्या. चित्रं बघणारा एक जण गर्दीत असतोच, तो लगेच पकडतो. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. सगळा जोर कमानीतच परत जातो आणि ती फुटते.

पाठांतरवाला: 'शरसंधान'ही नीट वापरा. पेपरात 'विरोधकांवर शरसंधान' म्हणजे बाण सुटलाच असं वाटतं. संधान म्हणजे जोडणं, बाण दोरीला लावला एवढंच.

मैदानावरचा: आणि माणसांच्या प्रसंगात टोकदार बाण अजिबात नको. रबरी बोंडाचे घ्या, तेही चेहऱ्याच्या खाली, अंतर ठेवून. बिनटोकाच्या बाणाला जुना शब्द आहे, तुक्का. 'लागला तर तीर, नाहीतर तुक्का' मधला तोच.

भुईकोट_पोरगा: म्हणजे आमच्या प्रसंगात सगळे तुक्केच मारणार! मित्राला कळवतो. दोरीबद्दल तो जिंकला, चहा माझ्याकडे.